घर पाहावं (दुरून) बांधून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवली. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असं विचारलं की मुलं लिहायची, 'प्रत्यक्ष अनुभव घेतल्याशिवाय अडचणी कळत नाहीत.' पैकीच्या पैकी गुण! पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ती अशी, की घर बांधणारा मालक बांधकामाच्या जागी खुर्ची टाकून बसलेला आहे. विटा मोजतोय, सिमेंटच्या पोत्यांवर डोळा ठेवतोय, गवंड्याला चहा पाजतोय.

आता आमच्या नरखेड तालुक्यातलं चित्र पहा. संत्र्याच्या बागांच्या पैशावर शिकलेली पोरं आधी नागपूरला, मग पुण्या-बंगलोरला आणि तिथून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. आई-वडील इथेच. घर बांधायचं इथे, पैसा येणार तिकडून, आणि मधे सात समुद्र. मालकाची खुर्ची रिकामी! मग दर दिवाळीला एकच विषय. ठेकेदाराने फसवलं, मिस्त्री पळाला, प्लंबर फोन उचलत नाही, सुतार उचल घेऊन गेला तो गेलाच. 'आजकालची माणसंच बेइमान झाली' असं म्हणून चर्चा संपते.

मी इतिहासाचा मास्तर. 'आजकाल' हा शब्द ऐकला की मला संशय येतो. म्हणून या विषयाच्या थोडं मागे जायचं ठरवलं. किती मागे? मंडळी, जवळजवळ पावणेचार हजार वर्षं.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या आसपास आपले कायदे दगडावर कोरून ठेवले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात घर बांधणाऱ्यासाठी वेगळी कलमं आहेत. बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. सामानाचं नुकसान झालं तर भरपाई, शिवाय घर स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधून द्यायचं. भिंत नुसती फुगली तरी ती पदरच्या पैशाने मजबूत करून द्यायची. एवढा कडक कायदा करावा लागला याचा अर्थ काय? भिंती तेव्हाही फुगत होत्या!

ग्रीकांच्या एफिसस शहरात वेगळी युक्ती होती. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने ती लिहून ठेवली आहे. सरकारी इमारतीचं काम घेणाऱ्याने आधी खर्चाचा अंदाज द्यायचा आणि काम संपेपर्यंत स्वतःची मालमत्ता गहाण ठेवायची. अंदाजापेक्षा खर्च पावपटीपर्यंत वाढला तर सरकार सोसेल, त्यावर गेला तर बांधणाऱ्याच्या मालमत्तेतून वसूल. पुढे व्हिट्रुव्हियस हळहळून म्हणतो, की असा कायदा आपल्या रोममध्येही, आणि खाजगी घरांनाही लागू असता तर किती बरं झालं असतं! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या वाड्यातल्या कुठल्याही काकांसारखाच बोलतो.

आणि आपला कौटिल्य? अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचं नावच 'कंटकशोधन', म्हणजे समाजातले काटे शोधून काढणं. त्याची सुरुवात कारागिरांपासून होते. कारागिराने ठरल्या जागी, ठरल्या वेळेत, ठरलं तसं काम केलं पाहिजे. 'वेळ-जागा ठरलीच नव्हती' अशी सबब सांगून काम लांबवलं तर चौथा हिस्सा मजुरी कापायची आणि मजुरीच्या दुप्पट दंड. मात्र खरोखरीचं संकट आलं असेल तर माफी. म्हणजे 'उद्या येतोच जी' हे वाक्य मौर्यांच्या काळीही ऐकू येत असावं. फरक इतकाच, की मालकाच्या मागे राजाचा अधिकारी उभा होता.

मग आपल्या खेड्यात हे कसं चालायचं? तिथे ना हम्मुराबीचा दगड, ना कौटिल्याचा दंड. तिथे होती बलुतेदारी. सुतार, लोहार, कुंभार ही मंडळी गावाची. वर्षभर औतफाटा दुरुस्त करायचा, सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. नवं घर बांधायचं असेल तर त्याचा मोबदला वेगळा, पण माणूस तोच. सुतार पळणार कुठे? त्याचं घर गावात, त्याचं बलुतं गावात, त्याच्या मुलीचं लग्न त्याच गावाच्या साक्षीने. दार वाकडं बसवलं तर ते दार रोज सकाळी त्याच्याच डोळ्यांसमोर उघडणार. लेखी करार नव्हता, पण सगळं गाव कराराचा साक्षीदार होतं.

हे वाचून कुणी 'ते जुने दिवस किती छान' म्हणेल, तर थांबा. या भरवशाची किंमत कोण मोजत होतं? ज्याला गाव सोडता येत नव्हतं, तो. जातीने ठरवून दिलेलं काम, गाव देईल तो वाटा, आणि तळातल्या माणसाला तर नाही म्हणायचीही सोय नाही. महार वतनाच्या विरुद्ध डॉ. आंबेडकर १९२८ सालापासून कायदेमंडळात लढले ते उगाच नाही. ती वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडावं लागलं. 'पळून न जाणारा कारागीर' आणि 'पळून जाऊ न शकणारा कारागीर' यात फरक आहे. आपण हळहळतो ती बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी.

राजेरजवाड्यांची कामं मात्र नेमलेल्या माणसांवर चालत. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर 'सेवेला तत्पर' म्हणून आपलं नाव कोरून ठेवलं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च १६,११० रुपये. दोन वर्षांत वाडा उभा! अर्थात बाजीराव पेशव्याची उचल घेऊन पळायची कुणाची हिंमत असणार?

खरा बदल इंग्रजी अमलात झाला. रोख पैसा आला, ठेका आला, आणि ठेकेदार नावाचा मधला माणूस आला. मालकाने ठेकेदाराला द्यायचं, ठेकेदाराने पोटठेकेदाराला, त्याने मुकादमाला, मुकादमाने मजुराला. वरून पैसा निघाला तरी खाली पोचेलच याची खात्री नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या भोर घाटात, म्हणजे खंडाळ्याच्या घाटात आहे. गाडीने पुण्याला जाताना आपण बोगदे मोजतो तो हा घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कले. घाटाचं काम दिलं विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराला. माणूस नवखा नव्हता, १८५३ साली सुरू झालेल्या मुंबई-ठाणे मार्गाच्या बांधकामात तो होता. १८५६ च्या सुरुवातीला घाटाचं काम सुरू झालं. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढण, पंचवीस बोगदे, काळा पाषाण, पावसाळ्यात काम बंद, आणि पटकीची साथ. मजुरांच्या राहुट्यांमध्ये माणसं हजारांनी मेली.

जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला. मजुरी थकली होती, कमी मिळत होती. दंगल झाली, गोऱ्या मुकादमांवर हल्ले झाले. आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत फेव्हिएलने ठेकाच परत केला! म्हणजे 'ठेकेदार अर्धं काम टाकून गेला' ही तक्रार खुद्द इंग्रजांच्या रेल्वे कंपनीलाही करावी लागली. त्यांचं लंडनचं संचालक मंडळही दुरूनच घर बांधत होतं ना!

पुढे कंपनीने सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार इंग्लंडहून आणला. तो १८५९ च्या शेवटी आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. मागे राहिली त्याची बायको अ‍ॅलिस. परका मुलूख, नवरा गेलेला, अर्धवट डोंगर. ती पहिल्या जहाजाने परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने ठेका स्वतःच्या नावावर पुढे चालवला. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनीअरांकडे काम सोपवलं. एका टप्प्यावर घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. बर्कले मात्र तो सोहळा पाहू शकला नाही, आदल्याच वर्षी तो गेला.

असो. माझा मुद्दा वेगळा आहे. याच १८५९ सालात सरकारने एक कायदा केला. त्या सालचा तेरावा कायदा, कामगारांच्या करारभंगाचा. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम केलं नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट त्याला उचल परत करायला किंवा काम पुरं करायला सांगणार, आणि तरी ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांपुरता केलेला हा कायदा पुढे इतरत्र पसरला, आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोचला. रद्द व्हायला १९२० नंतरचं दशक अर्धं सरावं लागलं.

आता तराजूत दोन्ही पारडी ठेवा. पाच रुपयांची उचल बुडवणाऱ्या गवंड्याला तुरुंग. हजारो मजुरांची मजुरी थकली, त्या कामाच्या ठेकेदाराने ठेका परत केला आणि प्रकरण मिटलं. मजुरांसाठी काय? १८६० साली रेल्वे व सरकारी कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर निकाली काढावेत असा एक कायदा झाला, एवढंच. कायद्याला खालचा माणूस तेवढा दिसत होता.

हे सगळं मी का सांगतोय? कारण आमच्या घरातही नुकतंच असंच पारडं झुकायला निघालं होतं.

माझा पुतण्या कॅनडात असतो. वडिलोपार्जित जागेवर आई-वडिलांसाठी घर बांधायला काढलं. ठेकेदार (नाव नको) गोड बोलणारा. जोतं भरून कॉलम उभे होईपर्यंत त्याने निम्म्याहून जास्त रक्कम नेली. मग काम थंडावलं. आधी रेती नाही, मग सेंट्रिंगची पोरं नाहीत, मग लग्नसराई. एक दिवस मिस्त्रीही यायचा बंद झाला. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर रोज पाहिलेला चेहरा मिस्त्रीचा. त्यामुळे त्याचा सगळा राग मिस्त्रीवर. 'काका, पोलिसात तक्रार द्या, फसवणुकीची. त्याला आत टाकल्याशिवाय हे लोक सुधारणार नाहीत.' माझा भाऊ म्हणे, गावातला माणूस आहे, उद्या त्याचं तोंड पाहायचं आहे. बाप-लेकाचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

मी काटोलच्या रस्त्यावर दुसऱ्या एका बांधकामावर जाऊन मिस्त्रीला गाठलं. तो माझा विद्यार्थी नाही, पण त्याचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता. ओळंबा हातात तसाच धरून तो म्हणाला, "सर, मले दोन महिन्याचे पैसे भेटले नाही जी. रेजाईचे पैसे मी घरातून देले. बायकोची पोत गहाण हाय. आता तुम्हीच सांगा, मी तिथं कसा येऊ?"

झालं. कॅनडाहून पैसा निघाला होता, ठेकेदारापर्यंत पोचला होता, आणि तिथेच आटला होता. ज्याला तुरुंगात घालायला निघालो होतो तोही आमच्यासारखाच बुडालेला. मी त्या रात्री पुतण्याला फोनवर १८५९ ची दोन्ही पारडी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. पोलीस तक्रार मिस्त्रीविरुद्ध झाली नाही. एका इंजिनीअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून घेतलं, ठेकेदाराला नोटीस गेली, ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. तिचा निकाल अजून यायचा आहे आणि पैसे परत आलेले नाहीत. मिस्त्री मात्र परत आला. त्याची आणि रेजांची मजुरी आता दर शनिवारी भाऊ स्वतःच्या हाताने देतो, आणि सामान आमचं आम्ही आणतो.

ही पद्धत मी शोधून काढलेली नाही, बरं का. महाराष्ट्राने ती मोठ्या संकटात शिकली आहे. ३० जुलै १९९१ च्या पहाटे आमच्याच तालुक्यातलं मोवाड वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त झालं, दोनशेहून अधिक माणसं गेली. इकडच्या कुठल्याही घरात ती तारीख सांगावी लागत नाही. अख्ख्या गावाला एकदमच घरं हवी असतात तेव्हा काम करणाऱ्याचा शोध किती कठीण होतो, ते मोवाडने पाहिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची (आताचं धाराशिव) बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, ती घरं ठेकेदारांनी आणि संस्थांनी बांधून दिली. पण लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः केलं. सरकारने पैसे एकदम दिले नाहीत. काम जोत्यापर्यंत आलं की एक हप्ता, पुढे सरकलं की दुसरा, आणि पैसे थेट बँकेच्या खात्यात. गावागावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं, त्या कामावर लक्ष ठेवत, अडचणी सरकारपर्यंत नेत. रिकाम्या खुर्चीवर गावातल्या बायका बसल्या!

शहरांतल्या फ्लॅटसाठी कायदाही हळूहळू त्याच वाटेने गेला. मुंबईत फ्लॅट घेणाऱ्यांची लुबाडणूक वाढली म्हणून १९६३ साली 'मोफा' हा महाराष्ट्राचा कायदा आला. किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार करा, मंजूर नकाशा दाखवा, ताबा कधी देणार ते लिहा. चांगला कायदा, पण त्याचा धाक कमी. मग केंद्राचा 'रेरा' कायदा २०१६ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. आता करार न करता दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम जितकं झालं तितकेच काढायचे, तेही इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यानंतर. बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षं जबाबदारी बिल्डरची. भिंत फुगली तर पदरच्या पैशाने नीट करून द्या, हे हम्मुराबीचंच कलम, फक्त देहदंड वगळून.

पण परदेशातल्या भाचे-पुतण्यांनो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून तुम्ही स्वतःसाठी घर बांधता तेव्हा रेरा तुमच्या कामाचा नाही. तो विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. तुम्हाला आधार १८७२ च्या करार कायद्याचा आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा. घरबांधणी ही 'सेवा' आहे हे १९९३ च्या दुरुस्तीने ग्राहक कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. २०१९ च्या नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. तोंडी करारही कायद्याने चालतो, पण हाती कागद असला की तो सिद्ध करणं सोपं जातं. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'ओके भाऊ'वर विसंबून राहू नका.

म्हणून, मास्तरकीची सवय, थोडक्यात सांगतो. करार कागदावर करा. त्यात सिमेंट, लोखंड, विटा, रेती कुठली नि कोण आणणार हे लिहा. हप्ते तारखेशी बांधू नका, कामाशी बांधा... जोतं, स्लॅब, भिंती, प्लास्टर. झालेलं काम मोजायला ठेकेदाराचा नव्हे तर तुमचा इंजिनीअर असू द्या. शेवटचा हप्ता मोठा ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या, गळतं कुठे ते पाऊसच सांगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठेकेदाराकडून दर आठवड्याला मजुरी वाटपाच्या सह्या मागा. गवंडी आणि रेजांना पैसे मिळाले की नाही हे विचारणं ही नुसती दया नव्हे. खालचे पैसे थकले की महिन्याभरात काम थांबणार, ही खूण भोर घाटात दिसली होती, आमच्या घरीही दिसली.

१८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. त्यानंतर कंपनीच्या पुलांच्या बांधकामाची चौकशी झाली आणि निकृष्ट काम उघडकीला आलं. घाट खुला होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. तेव्हा घर पूर्ण झालं, वास्तुशांत झाली, फोटो कॅनडाला गेले, म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. कराराचा कागद, मोजमापं आणि पावत्या एका फाइलमध्ये घालून कपाटात ठेवा. आमच्या पुतण्याच्या घराच्या स्लॅबवर सध्या पाण्याचे आळे केलेत. पाणी मारायचं काम माझ्या भावाने स्वतःकडे घेतलंय, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा असतो. वय एकोणऐंशी. त्याला आता मीच खुर्ची नेऊन देणार आहे.